हत्तीच्या कपाळावरचं कुंकू

लहान मुलांसाठी चांगली पुस्तकं, खेळ सुचवा, असं कुणी म्हटलं की मी आजही जागेवरून उठते आणि उगाचच स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येते. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, पुस्तकांची नावं तोंडपाठ आहेत, पण सांगायला जीभ उचलत नाही. कारण अशी एक यादी मी एकदा जशीच्या तशी पाळली होती.

धुळ्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, तिथे ती सायक्लोस्टाइल केलेली यादी मिळाली. जाड पानांची चित्रांची पुस्तकं, लाकडी ठोकळे, ओवायचे मणी, चित्रकार्डं, बालगीतांची कॅसेट. तळाशी एक ओळ होती, मुलांशी शुद्ध आणि स्पष्ट भाषेत बोलावे. लेक दीड वर्षाची होती, नुकती दोनचार शब्द बोलायला लागली होती. आमच्या गावी, दोंडाईच्याला एस.टी.तून उतरेपर्यंत मी ती ओळ दहा वेळा वाचली.

मी स्वतः आमच्या खानदेशी बोलीत, अहिराणीतच वाढले. डी.एड.ला पहिल्या दिवशी वर्गात उभी राहून बोलले, तर सगळा वर्ग हसला. ते हसणं माझ्या कानातून कधी गेलंच नाही. लेकीवर ती पाळी येऊ द्यायची नाही, असं मी ठरवून टाकलं आणि त्याच संध्याकाळी घरात फर्मान काढलं, की पोरीसमोर कुणीही अहिराणी बोलायचं नाही.

घरात तसं होतं कोण? सासरे, म्हणजे आबा, आणि मी. आमचे हे धुळ्याला नोकरीला, शनिवारी यायचे. त्यांनी मान डोलावली आणि पेपर उघडला. आबांना अहिराणीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी एकदोनदा माझ्यासारखं बोलून पाहिलं, स्वतःच ओशाळले आणि गप्प झाले. शिकलेल्या सुनेपुढे आपलं काही चुकायला नको, एवढंच त्यांच्या मनात असावं. पुढे ते नातीशी हातांनीच बोलायला लागले. ओंजळ म्हणजे पाणी, दोन बोटं म्हणजे बैल. मला ते तेव्हा समजूतदारपणाचं वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मी मात्र यादीच्या मागे लागले. ठोकळे गावातल्या सुताराकडून करून घेतले. कॅसेट आणि जाड पानांचं पुस्तक रेल्वेने जळगावला जाऊन आणलं. कॅसेटमधली बाई फार गोड आणि फार शुद्ध गायची. शाळेतून आले की मी चप्पल काढायच्या आधी लेकीला पुढ्यात बसवायची. हे काय आहे? हत्ती. म्हण, हत्ती. ती माझ्या तोंडाकडे बघायची, मग दाराकडे. मी पान उलटायची, पुन्हा तेच. तिची दोनचार शब्दांची पुंजीही हळूहळू आटली. साडेतीन वर्षांची झाली तरी पाणी हवं तर ओंजळ दाखवायची.

डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं, कान चांगले आहेत. शेजारणी दारावरून जाताना मुद्दाम विचारायच्या, बोलली का पोर? मी हसून नाही म्हणायची आणि आत येऊन भांडी आपटायची. जूनमध्ये तिला बालवाडीत घालायचं होतं. न बोलणाऱ्या मुलांना वर्गात काय काय म्हणतात, ते मी रोज कानांनी ऐकत होते. रात्र रात्र डोळा लागत नसे. अजून एक पुस्तक, अजून एक खेळ, त्यात असेल उपाय, असं वाटत राहायचं.

त्यात आबांशी एक मुकं भांडण सुरू झालं. लेक एकदा खेळताना त्या जाड पुस्तकावर उभी राहिली. पुस्तकाला पाय लागला म्हणून आबांनी ते उचललं, कपाळाला लावलं, कुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलं. यादीत तर लिहिलं होतं, पुस्तक मुलाच्या हाताशी असावे. मी काढून खाली ठेवायची, आबा परत देवांशेजारी ठेवायचे. महिनाभर हेच चाललं.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरी आले, तर देव्हाऱ्यात पुस्तक नव्हतं आणि खालीही नव्हतं. माझं डोकं फिरलं. आता हे कुठे नेऊन ठेवलं, म्हणत तशीच खळ्याकडे निघाले. तिथे मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि आबा येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा मारत राखणीला बसायचे. लेक दिवसभर त्यांच्याजवळच असायची.

कुडाजवळ पोचले आणि आवाज ऐकू आला. बारीक, घाईचा, न थांबणारा आवाज.

"आबा, हाऊ हत्ती शे. त्याले तहान लागनी. बठ्ठं पानी पी गया."

मी कूड धरून उभी राहिले. पुस्तक आबांच्या मांडीवर होतं. हत्तीच्या कपाळावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. लेक मिरच्यांच्या कडेला उकिडवी बसून हातवारे करत सगळं पाणी पिऊन टाकणाऱ्या हत्तीची हकिकत सांगत होती आणि आबा मंग, मंग, म्हणत होते. किती दिवसांपासून हे चाललं होतं, देव जाणे. मला आनंद झाला असं म्हणायला हवं. आधी वाटला तो हेवा, अगदी उघडा हेवा.

माझ्या पायाखाली काटकी मोडली. लेकीने मान वळवली, मला पाहिलं आणि पटकन बोट ओठांवर ठेवलं.

"आबा, चूप. माय उनी."

आई आली म्हणताच आबांनी पुस्तक मिटलं. चोरी पकडली गेल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "मी नही शिकाडं तिले हाई. ती सोताच शिकनी."

मिरच्यांचा ठसका लागला, निदान मी तसं दाखवलं. पदराने डोळे पुसून मातीतच खाली बसले, शाळेच्या साडीसकट. पुस्तक आबांच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि हत्तीचं पान काढलं. डी.एड.च्या त्या दिवसानंतर जी बोली मी घरातही तोंडातून काढली नव्हती, ती आता सापडेना. दोनदा घसा साफ करावा लागला.

"मंग? हाऊ हत्ती कथा गया?"

हत्ती कुठे गेला, हे विचारलं तरी लेक हलली नाही. बोट अजून ओठांवरच होतं. तिने आबांकडे पाहिलं, या बाईला सांगायचं का, म्हणून.