जुनी गाडी, नवी गाडी आणि भाईची सीट

गॅरेजमधले किस्से ग्रीससारखे असतात. कुणी मुद्दाम लावून घेत नाही, पण संध्याकाळी हात बघितले की सगळीकडे! आमच्या बारामतीच्या गॅरेजमधले बहुतेक किस्से दोन गाड्यांचे. जपानी सेडान, नाव एकच, वयात वीस वर्षांचा फरक. जुनी माझ्या थोरल्या भावाची, यासीनभाईची. नवी आमच्या गिऱ्हाइकाची, शेळगावच्या तात्यांची. भाई जाऊन दोन महिने झाले. गाड्या दोन्ही आहेत.

*

तात्यांनी नवी आणली तेव्हा भाईने बॉनेट उघडलं. आत सगळं काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं.

"तात्या, इंजिन कुठं हाय?"

"आसंल की खाली! कंपनी काय रिकामी गाडी देती व्हय?"

*

नव्या गाडीत स्पोर्ट मोड लावला की इंजिनचा आवाज स्पीकरमधून येतो. हे कळल्यावर भाई पाना खाली ठेवून हसला.

"तात्या, ह्यो कोंबडा न्हाय, कोंबड्याची रेकॉर्ड हाय!"

तात्या पेटले. "तुझा कोंबडा लिटरला सात देतो. माझी रेकॉर्ड वीस देती!"

*

नव्या गाडीचं पुस्तक चांगलं जाडजूड. तात्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, "एवढं वाचायचं आसतं तर आठवी सोडली आसती का?"

*

एकदा दोघांची पैज लागली, इंदापूरला आधी कोण. दिवस ऊसतोडीचे. पुढे उसाची ट्रॉली दिसली की नवी गाडी स्वतःच ब्रेक मारायची. भाईचा दुसरा चहा संपला तेव्हा तात्या पोचले.

"गाडी लई भित्री हाय रं! माझ्यापेक्षा तिलाच माझ्या जिवाची काळजी!"

*

भाईच्या छातीत दुखायला लागलं त्या दुपारी त्याला दवाखान्यात न्यायला जुनी गाडी मी चालवली. भाई सहा फूट, मी सव्वापाच. क्लचला पाय पुरेना. मी सीटखालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली. किती खाचा, ते मोजलं नाही.

मागून भाई म्हणाला, "गिअर हळू टाक. म्हातारी हाय ती."

एवढंच बोलला. नंतर काही बोलला नाही.

घरी आल्यावर मी सीट मागे नेली. एक खाच मागे, एक पुढे. रोज तेच. रागात एकदा अख्खी सीट खोलून बाहेर काढली, मग परत बसवली. भाईची जागा सापडली नाही.

*

मागच्या आठवड्यात तात्या सर्व्हिसिंगला आले. काम झाल्यावर ट्रायल घ्यायला मी नव्या गाडीचं दार उघडलं. दाराला सीटची दोन बटणं. दाबलं की सीट ठरलेल्या जागी आपोआप जाते. एकवर तात्या, हे मला माहीत होतं.

"तात्या, दोनवर कोण हाय?"

"तुझा भाई. दर ट्रायलला माझी सीट हलवायचा, म्हून त्याचं माप मीच भरून ठिवलं. हसला हुता मला. म्हनला, यंत्राला काय आठवतंय!"

मी दोन दाबलं. सीट घुंऽ करत मागे गेली. जरा खाली बसली. पाठ थोडी कलली. थांबली.

मी दार हळूच लावलं. गाडीला वळसा घालून गेलो, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसलो आणि बेल्ट लावला.

तात्या स्वतःच्या गाडीत मागे कधी बसत नाहीत. त्या दिवशी बसले.