घासलेली काच

महाडच्या कारखान्यात बॉयलरवर असलेला माझा शेजारी. पोलादपूरकडच्या आपल्या गावच्या ओढ्यातला बोटभर मासा त्याने काचेच्या पेटीत पाळला होता. मासा काचेला तोंडाने चिकटून शेवाळ खरवडायचा. ड्युटीवरून आला की हा हात-पाय धुऊन आधी त्याच्यासमोर उकिडवा बसायचा, मग जेवायचा.

एकदा किल्ली माझ्याकडे ठेवून तो गावी गेला. मी शहाणपणा करून हिरवी झालेली काच आतून लख्ख घासली.

परतल्यावर तो पेटीकडे बघतच राहिला. "गुरुजी, त्याचं वाढलेलं ताटच घासलंत की!" एवढंच म्हणाला आणि भर उन्हात नदीवर गेला. ओल्या गोणपाटात गुंडाळून शेवाळलेला दगड घेऊन आला. थोड्या वेळाने माझ्या दारात उभा. माझं ताट अजून झाकलेलंच होतं.

"खातोय तो. तुमी पन जेवा आता."

पुढच्या खेपेला गावी जाताना किल्ली त्याने माझ्याच हातात दिली.