मोटारीची मान

लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती, पण नवरा घरात असल्याचे दिवस धरले तर जेमतेम दोन महिने भरले असते. हे मुंबईच्या एका डॉक्टरसाहेबांच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. राहायचे साहेबांच्या गॅरेजवरच्या खोलीत, आणि तिथे बायकोला मज्जाव. मी इकडे मळवलीजवळच्या गावात, सासू-सासऱ्यांपाशी. उन्हाळ्यात साहेब तुंगार्लीच्या बंगल्यावर यायचे, म्हणजे नवरा दोन-अडीच कोसांवर. ते सुख नव्हतं, जाच होता. मुंबईला असले की मन मारता यायचं. तुंगार्लीला असले की सडकेवर मोटार वाजली रे वाजली, मी हातातलं टाकून धावायची आणि भलत्याच कुणाचा तरी धुरळा खाऊन परत यायची.

अशाच एका उन्हाळ्यात हे विलायती मासिकातली तीन चित्रं घेऊन घरी आले. मोटारीमागे जोडून न्यायची घरं होती ती. साहेबांना आणि बाईसाहेबांना हिवाळ्यात दोन महिने फिरायचं होतं, आणि डाकबंगल्यातल्या ढेकणांना दोघंही विटले होते. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, बैलगाड्या करणारे सुतार. यातलं कुठलं घर जमेल, असं साहेबांनी त्यांना विचारलं होतं.

एक चार चाकांचं, ऐसपैस. दुसरं कापडाचं, मिटता येणारं. तिसरं लहानसं, गोल पाठीचं, दोन चाकांवरचं. मामंजींनी तिसऱ्यावर बोट ठेवलं.

“चार चाकांवर कुनीबी उभं करंल. दोन चाकांवर तोलायचं म्हंजी सुतार लागतो.”

मग यांनी माझ्याकडे न बघता, बापालाच सांगितल्यासारखं सांगितलं, “त्यांचा सैपाकी रानात यायला तयार न्हाई. बाईसायेब म्हनल्या, तुजी बायको आन. आमाला येगळी राहुटी देनार हायेत. जमलं तर दर हिवाळ्याला.”

मी चुलीपाशी होते. तव्यावरची भाकरी करपली आणि सासूबाईंनी त्यावर जे काही सुनावलं ते माझ्या कानात शिरलंच नाही. दोन महिने! एका राहुटीत! सकाळी उठल्यावर माणूस शेजारी असणार, ही गोष्ट मला स्वर्गाहून मोठी वाटली. कुणाला हसायचं तर हसू दे.

पावसाळाभर पडवीत ते घर उभं राहत होतं. आख आणि चाकं एका मोडीत निघालेल्या मोटारीची. सांगाडा सागाचा, भिंती चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्यांच्या. छपरावर किंतानाचं जाड कापड ताणून त्याला अळशीच्या तेलात कालवलेला सफेदा दिला, त्याचा वास महिनाभर आमच्या आमटीलाही येत होता. चूल मागच्या अंगाला: मागची झडप वर उचलली की आत ओटा. मामंजी सुनेशी थेट बोलत नसत. ओटा किती उंच हवा हे ठरवायला त्यांनी सासूबाईंच्या हाती दोरी दिली, सासूबाईंनी ती माझ्या कोपराशी धरून गाठ मारली, आणि त्या गाठीला ओटा बसवला. तोवर माझ्या मापाचं म्हणून कुणी काही केलेलं नव्हतं. लग्नातली चोळीसुद्धा जावेच्या मापाची होती. मी येता-जाता त्या ओट्यावर हात टेकून उभी राहायची, आणि कुणी आलं की पुसत असल्याचं सोंग करायची.

दसऱ्यानंतर साहेब घर ओढून बघायला येणार होते. आदल्या दिवशी मी सामान भरलं: तांदळाचं पोतं, पाटा-वरवंटा, पाण्याचे डबे, स्टो. मामंजींनी पुढची दांडी हातावर घेऊन तोल बघितला; ती जड लागली तशी नकाराची मान हलवली. बैलगाडीत पुढे भार पडला की तो बैलांच्या मानेवर येतो, खांदे सुजतात. ज्याच्या गाडीनं बैलाचा खांदा सुजला त्या सुताराच्या दारी मावळात पुन्हा कुणी जात नाही. मामंजींनी जन्मभर ती एक गोष्ट जपली होती.

“जड समदं मागं सारा म्हनावं,” ते सासूबाईंना, म्हणजे मला, म्हणाले. “मोटारीच्या मानंवर काय येता कामा न्हाई.”

मी सगळं ओट्याखाली सारलं. दांडी इतकी हलकी झाली की मी ती करंगळीनं उचलली. मामंजी गालात हसले. त्या रात्री मला झोप कसली येते!

दुसऱ्या दिवशी साहेब पुढे यांच्या शेजारी बसले, मी मागच्या सीटवर. लोणावळ्यापर्यंत चढ होता, तोवर घर शहाण्यासारखं आलं. परतताना वळवण सोडलं, उतार लागला, मोटारीनं वेग घेतला. मी मागच्या काचेतून माझं घर बघत होते. ते आधी थोडं डावीकडे गेलं, मग उजवीकडे. मग नको-नको म्हणताना मूल जसं डोकं हलवतं तसं हलायला लागलं, आणि प्रत्येक झोक्याला जास्तच. “थांबव!” साहेब ओरडले. यांनी ब्रेक लावला मात्र, घरानं मोटारीचं शेपूट धरून तिला आडवी केली, दांडी अडकवायचा आकडा तुटला, आणि घर बांधावरून भातखाचरात जाऊन कुशीवर पडलं. मोटारीची मागची बाजू मैलाच्या दगडावर चेपली. साहेबांच्या कपाळाला खोक पडली. बाकी कुणाला काही झालं नाही.

साहेब रुमाल कपाळाला दाबून खाचराशी गेले. झडप उघडून पडली होती, पाटा चिखलात, तांदूळ सांडलेला.

“एवढं सगळं मागे? कुणी भरलं हे?”

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, “मी भरलं, साहेब.”

साहेबांनी हात पुढे केला. यांनी टोपी काढली आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

घर बैल जोडून गावात आणलं. आणि गंमत बघा, बैलांच्या मागे ते असं सरळ आलं की पाणी भरलेला तांब्या ठेवला असता तरी डचमळला नसता! मामंजी मागून चालत होते. घरी आल्यावर त्यांनी पाटा उचलून पुढच्या अंगाला ठेवला, पोतं पुढे ठेवलं, आणि यांच्याबरोबर दांडी धरून अंगणात घर पळवलं. जड झालं होतं, पण सुतासारखं गेलं. मग ते पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलले.

“मोटारीला मान नसती, पोरी. तिला वजनच पायजे. मी तिला बैल समजलो.”

साहेबांना जाऊन सांगतो म्हणाले, पण यांनी जाऊ दिलं नाही.

आता खरं सांगते. मला दुःख झालं नाही. नवरा घरी आला होता! रोज सकाळी शेजारी, रोज संध्याकाळी ताटावर. मी उघड गुणगुणायची आणि सासूबाई डोळे वटारायच्या. हे मात्र शेतात पाहुण्यासारखे वावरायचे. सडकेवर मोटार चढाला लागली की औत थांबवायचे आणि तिनं गिअर बदलेपर्यंत पुढे जायचे नाहीत. जेवताना उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. मी बघायची आणि वाढत राहायची.

वर्ष उलटलं. पाऊस सरता सरता एका दुपारी साहेबांची मोटार आमच्या अंगणात आली. नवा ड्रायव्हर होता. हे शेतावर, मामंजी आणि सासूबाई लोणावळ्याला बाजारात. तो म्हणाला, “साहेबांचा राग गेलाय. मी काम सोडतोय, तुमच्या मालकांना परत बोलावलंय. घरही दुरुस्त करून घेणार आहेत. स्वयंपाकी मात्र मुंबईचाच येणार.”

मी त्याला चहा दिला. सांगते म्हणाले.

संध्याकाळी हे आले. ओल्या अंगणात चाकांचे ठसे उमटले होते.

“कोन आलतं?”

“वाट चुकलं व्हतं कुनीतरी.”

हे उकिडवे बसले. एका ठशावरून बोट फिरवलं. ती चाकं त्यांनी पाच वर्षं धुतली होती, त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग उठले, हातपाय धुतले आणि म्हणाले, “वाढ.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल अंगणातून, त्या ठशांवरून, नेले नाहीत. परड्याचं कुंपण उघडून मागच्या बाजूनं नेले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी अंगण सारवायला घेतलं. हे दारात उभे होते. मी पहिला ठसा पुसला, दुसरा पुसला. मग त्यांनी बैल सोडले आणि अंगणातूनच नेले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं एका घरात काढली, आणि कोण आलं होतं ते त्यांनी मला पुन्हा कधीही विचारलं नाही. आज हे नाहीत. आणखी एकदा तरी विचारायचं होतं त्यांनी. मी खरं सांगितलं असतं, आणि मग ते निघून गेले असते तरी चाललं असतं, असं मी आता म्हणते. तेव्हा नसतं चाललं.