कुर्लीची पसंती

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सोलं गोळा केली. रविवार होता, उन्हं उतरली होती. खळ्यात चटईवर सुकत घातलेली कोकमाची सोलं मी सुपात भरत होतो आणि माझी बायको समोर बसून त्यातली बुरशी धरलेली वेचून फेकत होती. प्रत्येक सोल फेकताना "शी" म्हणत होती. कोकमाच्या सालीला तोंडावर शी म्हणणारी बाई मी दुसरी बघितली नाही. मग पदराला हात पुसून म्हणाली, "आयका आता. आधी घाण सांगतंय, मगे बरां."

हे तिचं दर रविवारचं होतं. आठवडाभरात धावताना काय बरं वाटलं, करमणूक कुठली बरी झाली, वाचलेलं काय बरं होतं आणि तोंडाला काय बरं लागलं, अशा चार गोष्टींत ती एकेक निवडायची. पण घाण सांगून झाल्याशिवाय बऱ्याकडं यायची नाही. भात निवडताना आधी खडे काढतात, तसं तिचं. आणि आमच्या आठवड्यात खडे फार. शेवटी मला विचारायची, "तुमका काय बरां लागला?" मी म्हणायचो, "माका सगळां सारखांच." त्यावर तिचं ठरलेलं, "सारखां म्हणजे तुमका जीभच नाय."

गाव तिला कुर्ली म्हणायचा. खेकडी ओल्या वाळूवर कशी तुरुतुरु पळते आणि धरायला गेलं की चावते, तशी. साठी उलटल्यावर रक्तात साखर निघाली. डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. दोन-चार दिवस चालली आणि कंटाळली. म्हणाली, "चालणां म्हणजे सासूच्या पाठसून बाजाराक जाणां. ह्या माका जमाचा नाय." आणि सरळ धावायला लागली. पातळ गुडघ्यापर्यंत वर खोचायची, चपला बांधावर काढून ठेवायची आणि ओहोटी बघून मिठबावच्या किनाऱ्यावर सुटायची. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आमची शेजारीण सुमती तर कुंपणातून ओरडून विचारायची, "गो कुर्ले, कोण पाठी लागलो?" ही धावता धावता सांगायची, "तुझी जीभ."

धावेची पसंती तिला स्वतःलाच मिळायची असं नव्हतं. एकदा ती एका कुत्र्याला मिळाली. कुणाच्या तरी टोपलीतला बांगडा तोंडात धरून तो अख्खा किनारा पळाला आणि वाटेत एकदाही बांगडा ठेवला नाही. स्वतःची धाव निवडायची तेव्हा कारण सांगायची. वाळू घट्ट होती, वारा पाठीमागून होता, नाहीतर दम लागायच्या आधी सुरूची झाडं आली. आणि घाण म्हणजे पर्यटकांची. बाटल्या, पिशव्या, आणि कहर म्हणजे लेकरांचे घाण झालेले लंगोट वाळूत पुरून जातात. तिनं एका बाईला पुरताना पकडलं. चांगली शिकलेली, टोपी घातलेली बाई. ही तिच्या डोक्यावर उभी राहिली आणि ऑफिसात बोलतात तशा शुद्ध मराठीत म्हणाली, "काढा बाहेर. समुद्र तुमची मोरी नाही." बाईनं काढलं. नवरा गाडीत जाऊन बसला होता. त्या आठवड्यात करमणुकीची पसंती त्या नवऱ्याला मिळाली.

करमणुकीत टीव्हीला कधी काही मिळालं नाही. रोज बघायची मात्र नेमानं, आणि रोज शी करायची. "झोपताना पण नथ घालून झोपतत. नाक फाटाचा नाय?" मी म्हणायचो, बंद कर मग. ती म्हणायची, "बघल्याशिवाय घाण कशी कळतली?" जत्रेत दशावतारी नाटक असलं की पुढं जाऊन बसायची. एका वर्षी लढाईत राक्षसाची मिशी सुटली. त्यानं एका हातानं मिशी धरली आणि दुसऱ्या हातानं तलवार चालवून देवाला पार घामाघूम केला. ती पसंती तिनं पुढच्या रविवारीही त्यालाच दिली. लागोपाठ दोन आठवडे मिळालेला तो एकटा.

ती सातवी शिकलेली, मी चौथी. म्हणून वाचायचं तिनं आणि नारळ सोलता सोलता ऐकायचं मी. गावच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची. आवडलं नाही की अर्ध्यात मिटायची आणि नेऊन देताना तिथल्या माणसाला तोंडावर सांगायची, "ह्या कोणाक देव नको." तो बिचारा दुसऱ्याला देताना हळूच द्यायचा. वाणसामानाच्या पुडीचा कागदसुद्धा ती सरळ करून वाचायची आणि कधी कधी पसंती त्या कागदाला मिळायची, पुस्तक हात हलवत परत जायचं.

खाण्यात एक नियम होता. आपल्या हातचं निवडायचं नाही. "आपणच रांधूचा आणि आपणच वाखाणूचा, ह्या पुढाऱ्यांचा काम." तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळं ठेचून घातलेली, ते मात्र त्यामुळं कायमचं स्पर्धेबाहेर राहिलं. गोडाची तिला शिसारी होती. साखर निघाली म्हणून नव्हे, लहानपणापासूनच. लग्नात पानात पडलेला बुंदीचा लाडू ती हळूच माझ्या पानात सरकवायची आणि हात धुवायला उठायची, जशी काही पाल शिवली.

त्या शेवटच्या रविवारी घाण अशी होती. कुणाच्या तरी मुंजीत पनीर घातलेली काळ्या वाटाण्याची आमटी. टीव्हीतली एक सून, दोनदा मेली आणि परत आली. आणि बाबल्यानं तिठ्यावर लावलेला स्वतःच्या वाढदिवसाचा फलक. बाबल्या म्हणजे गावातला होऊ घातलेला पुढारी. मग बरं. धाव शुक्रवारची, कारण वाळूवर तिच्या आधी एकाही पायाचा ठसा नव्हता. करमणूक रिक्षावाल्याची, तो उलट्या दिशेनं बसलेल्या बकरीशी सगळा रस्ता भांडत आला. वाचन एका खलाशाच्या पुस्तकाचं, त्याची पहिली पानंच फाटलेली. "कोणी लिवल्यान ता कळाक नाय. म्हणान बरां." आणि खाणं सुमतीकडची फणसाची भाजी. मी म्हटलं, "ती तुका हसता आणि तू तिका पसंती देतंस?" म्हणाली, "तोंड वायट आसा तिचा. हात वायट नाय." उठली आणि कुंपणाजवळ जाऊन सुमतीला तसंच्या तसं सांगून आली. सुमती पाच मिनिटं गप्प होती असं ती मोठ्या आनंदानं सांगत होती.

मंगळवारी दुपारी पेज जेवली, हात धुवायला उठली आणि न्हाणीच्या दाराशी बसली. मी म्हटलं, काय गो, बसलंस काय? बोलली नाही. तिथंच संपलं. धावणाऱ्या बाईला न्हाणीच्या उंबऱ्यावर गाठलं. मला मरणाची भीती कधी वाटली नव्हती, त्या दिवशी किळस आली.

मग माणसं आली. येणारच. पण काय बोलली. जी हसत होती तीच सांगायला लागली, "कसली गरीब होती, उलटा बोलना नाय कधी." देवळातला एक म्हणाला, सोशिक. सोशिक? तिनं आयुष्यात एक करपलेली भाकरी सोसली नव्हती. मी तसं म्हटलं तर मुंबईहून आलेला झिल, आमचा मुलगा, मला आत घेऊन गेला. "बाबा, लोक चांगलं बोलतायत तर बोलू देत." बरं बोलणं आणि खरं बोलणं वेगळं, हे त्याला कोण सांगणार. त्याला ती आई म्हणून माहीत. धावणारी बाई त्यानं फोनवरच ऐकलेली.

दहाव्याला कावळ्याला पान ठेवलं. सुनेनं भक्तिभावानं बुंदीचे लाडू मागवले होते. मी भटजींना म्हटलं, एक बांगडो ठेवूया. ते म्हणाले, "आबानू, असां काय बोलतास?" बांगडा राहून गेला. मनात होतं, आता बघा मजा, लाडवाला कावळा शिवतोय काय. आणि कावळा आला. एक नव्हे, पाच-सहा आले. लाडवांवर असे तुटून पडले की पिंडाचा भात पार विस्कटला. सगळे हात जोडून म्हणाले, "तृप्त झाली." झिल रडला. मी त्या कावळ्यांकडं बघत होतो. मला थुंकावंसं वाटलं, पण तिथं थुंकत नाहीत.

तेराव्याचं जेवण झालं आणि संध्याकाळी बाबल्यानं तिठ्यावर फलक लावला. मोठा, दोन माडांच्या मधे बांधलेला. वर भावपूर्ण श्रद्धांजली, मधे ती, डोक्यावरून पदर, डोळे अर्धे मिटलेले. खाली लिहिलेलं, शांत, सोशिक, मितभाषी माऊली. आणि त्याच्याखाली हात जोडलेल्या पुरुषांची रांग, बाबल्या सगळ्यांत मोठा, काळा चष्मा लावून. झिल म्हणाला, "छान झालाय. प्रेमानं केलंय त्यांनी." मी बघत उभा राहिलो. येणारी जाणारी माणसं गाडी हळू करून वाचत होती. ज्यांनी तिला कधी बघितलं नाही तेही वाचत होते. म्हणजे आता गाव तिला विसरणार नाही, पण भलतीच कोणतरी लक्षात ठेवणार. आणि मी गेलो की खरी कोण होती ते सांगायला कोणी उरायचं नाही. मुंबईत जाऊन झिलाच्या घरी बसायचं माझं ठरलेलं होतं. माझ्यामागं तिठ्यावर ही माऊली टांगलेली राहणार, उन्हात पांढरी पडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोयता घेतला, माडाला लावायची शिडी खांद्यावर टाकली आणि तिठ्यावर गेलो. सुमती दूध घालून परत येत होती. तिनं चरवी खाली ठेवली आणि शिडी धरली.

"हळू चढा," म्हणाली. "तुमी पडलास तर तुमचो पण लावतलो तो बाबल्यो."

मी दोऱ्या कापल्या. फलक धाडकन खाली आला, अर्धा गटारात. आम्ही दोघांनी ओढून तो रस्त्यावर पसरला.

"आता हेचा काय करतलास?" सुमती म्हणाली.

"तोंड तेवढां कापून घेतंय. बाकीचां तेच्या दारात टाकतंय."

सुमती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड तरी खंय तिचा? गोरी केल्यानी तिका."

मी नीट बघितलं. खरंच. आमची उन्हानं रापलेली, खारवलेली बाई पिठासारखी पांढरी केली होती. कपाळावरची आडवी आठी पुसून टाकलेली. शी म्हणून म्हणून पडलेली ती आठी, तिच्याशिवाय तिचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं.

मग मी काही कापलं नाही. त्याची गुंडाळी केली, खांद्यावर घेतली आणि बाबल्याच्या दारात गेलो. तो पायरीवर उभा राहून दात घासत होता. फेस थुंकून म्हणाला, "आबानू, ह्या काय?"

मी गुंडाळी त्याच्या पायरीवर उभी करून ठेवली. म्हटलं, "ही आमची न्हय रे. तुमची कोण आसात तर ठेवन घे."