फोटोत न दिसलेली चीर

एक्स-रेला आमच्या शिरूर कासारकडं फोटोच म्हणतात. बायकोच्या खुब्याचा फोटो मी उसाच्या फडात टोळीभर फिरवला होता. "बघा, हाड साबूत हाय! नुसती नाटकं हिची." ती समोरच उभी होती. जीभ कशी झडली नाही माझी!

त्याआधी पंधरा दिवस ती सांगत होती, "आवं, जांघेत लई ठणकतंय. बसलं की थांबतंय, उभं राहिलं की पुन्हा सुरू." ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती बसली की मी अर्धाच, अन् मुकादम डोळे वटारणार. कारखान्याजवळच्या डॉक्टरानं फोटो काढला. म्हणाला, यात काही दिसत नाही, पण वजन उचलू देऊ नका, दुखणं राहिलं तर मोठ्या दवाखान्यात न्या. मी त्यातलं 'काही दिसत नाही' एवढंच ऐकलं. ऐकायचंच तेवढं होतं मला.

चौथ्या दिवशी भरदुपारी ट्रक भरत होतो. डोक्यावर मोळी घेऊन ती फळीवर चढली. मी खालून खेकसलो, "अगं, उरक की!" ती मधेच थांबली अन् मोळीसकट खाली आली. पाय बाहेरच्या अंगाला वळला होता.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटावरचा जुना टाका बघून विचारलं, "गर्भपिशवी कधी काढली?" मी म्हटलं, "चार वर्षं झाली. अंडाशयंबी काढली." वय विचारलं. तेहतीस. मग म्हणाल्या, इतक्या लवकर हे सगळं काढलं की हाडं ठिसूळ होतात. खुब्याला आधी बारीक चीर पडते, ती फोटोत लगेच दिसेलच असं नाही. "तेव्हाच पाय टेकू दिला नसता, तर हाड सरकलं नसतं हो."

पाळीपायी कामाचे खाडे नकोत म्हणून पिशवी काढायला मीच नेलं होतं तिला. हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. लाज वाटली.

आता तिच्या खुब्यात स्क्रू आहेत, पाय तोकडा पडलाय. काठी घेऊन अंगणापुरती चालते. मला एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारतो, "काय दुखतंय का गं?" ती म्हणते, "न्हाई, बरं हाय."

दुसऱ्या जांघेत महिन्यापासून ठणकतंय, हे मला परवा शेजारणीकडून कळलं.