निळ्या अळ्या आणि आत्याची विहीर

आमच्या संघटनेच्या कचेरीत मथळा आधी ठरायचा, मजकूर नंतर. मला पत्रकं लिहायला शिकवलं तेच असं.

नव्वदीच्या शेवटाला महाप्यात एका कंपनीची कीटकनाशकं तपासणारी प्रयोगशाळा होती. शेजारच्या पावणे गावातली माझी आत्या तिथे बाटल्या धुवायची. ती सांगायची, "चिलटांना मक्याच्या पिठाची गूळ घालून लापशी देतात रं. जावयाची येवरी बरदास्त नाय ठेवत कोन." शिवाय एका फळीवरची चिलटं म्हणे औषध मारलं तरी मरत नाहीत, मुद्दाम तशी केलेली. मी उठून बसलो. न मरणारी चिलटं! आणि खाली गाव!

तिथली संशोधक पनवेलकडची, माझ्याहून थोडी मोठी. मी जाब विचारायला गेलो, तेव्हा तिने शांतपणे समजावलं, की औषध कीड का पचवते ते त्या फळीवर कळतं. दुसऱ्या फळीवरच्या चिलटांमध्ये एक बाहेरचा जनुक घातलाय. विषाने अळीच्या पेशींना त्रास झाला, की अळी कापून रसायनात ठेवल्यावर निळी दिसते. म्हणजे औषध कुणाकुणाला बाधेल ते आधीच कळतं.

"औषध कंपनीचं, अळ्या कंपनीच्या, निकालही कंपनीचाच. छान आहे, मॅडम."

"मग तुम्ही काय तपासाल?" तिने विचारलं.

आत्याची विहीर. कारखान्यांचा नाला तिच्या मागूनच जायचा, आणि निम्मी आळी तिचंच पाणी प्यायची. मी हट्टच धरला, तेव्हा आत्याने जेवणाच्या डब्यातून त्या दुसऱ्या फळीवरच्या अळ्यांची एक बाटली बाहेर आणली. विहिरीच्या पाण्यात लापशी कालवून मी अळ्या तीत सोडल्या आणि बाटली दिवसभर कचेरीतल्या फळीवर ठेवली. येईल त्याला दाखवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी नेलेली बाटली पाहून संशोधक भडकली. पण तिलाही राहवलं नाही. तिने अळ्या कापून रसायनात ठेवल्या. निळ्याशार निघाल्या. ती पुढे काही विचारेपर्यंत मी जिना उतरलो होतो. पत्रक छापायचं स्टेन्सिल तर आधीच कापलेलं होतं: 'विहिरीत विष!'

पत्रक घरोघर गेलं. बायकांनी विहीर सोडली. आत्याही दुखऱ्या गुडघ्याने मोठा रस्ता ओलांडून पलीकडच्या नळावर जाऊ लागली. मला भलताच अभिमान वाटत होता.

आठवड्याने संशोधक आत्याच्या ओटीवर येऊन बसली.

"बाटली कुठे ठेवली होती?"

"आमच्या कचेरीत."

"पत्र्याखाली? मे महिन्यात?" तिने कपाळाला हात लावला. "अहो, उकाड्यानेही त्या निळ्या होतात! आणि साध्या पाण्याची दुसरी बाटली कुठंय? ताडून कशाशी पाहिलंत?"

कुठेच नव्हती. तरी मी म्हणालो, "कंपनीने पाठवलं तुम्हाला?"

आत्या मधे पडली. "गप रं! रोज नळावर तू जातोस का मी? बाय, दोन बाटल्या दे. माझ्या माठाच्या मागं गारवा हाय."

या वेळी एका बाटलीत विहिरीचं पाणी, दुसरीत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी. दोन्ही माठाआड, ओल्या फडक्यात. मी दिवसभर राखण करत बसलो. त्या मॅडमने काही बदललं तर! अळ्या कापताना, रंगवताना मी तिच्या हातावरून नजर हलवली नाही.

दोन्हींतल्या अळ्या पांढऱ्या.

मला वाईट वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं. आत्याचं पाणी चांगलं निघालं आणि माझं तोंड उतरलं.

"म्हणजे विहीर शुद्ध?" मी विचारलं.

"या पाण्याने अळीला एका दिवसात त्रास झाला नाही. एवढंच म्हणा. जास्त म्हणू नका."

कचेरीतले म्हणाले, माघारीचं पत्रक कोण काढतं? मी काढलं. तिचं वाक्य जसंच्या तसं घातलं आणि वर लिहिलं: 'चूक आमची'. ज्या दारांत पहिलं पत्रक दिलं होतं, त्याच दारांत हे देत फिरलो. एका म्हातारीने विचारलं, "मग आता कंचं खरं मानायचं?" मी तिच्या हातात पत्रक ठेवून पुढे सरकलो.

शेवटचं दार आत्याचं. तिने कळशी ओढली, तांब्या भरून माझ्यापुढे धरला. मी आधी वास घेतला. नाला मागे होताच, तो काही कुठे गेला नव्हता.

"हुंगतोस काय?" आत्या म्हणाली. "तुज्या पत्रकापायी आठ दिस नळावर गेले मी. पी."

मी प्यायलो.