संगीताचं रॅगिंग

एकोणीसशे नव्व्याण्णव साली सरकारनं रॅगिंगविरुद्ध कायदा केला आणि गावात त्याचा पहिला फटका आमच्या घराला बसला. त्याआधी हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकलाही नव्हता. नेवाशाच्या बाजारातही तो मिळत नसावा.

संगीता आमची थोरली. बारावी झाली आणि नगरच्या एका डी.एड.च्या विद्यालयात तिचा नंबर लागला. बाहेरगावी राहून शिकणारी आमच्या घरातली ती पहिलीच मुलगी. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले, तेही शाळा घरासमोर होती म्हणून. तिला वसतिगृहात सोडताना ह्यांनी (म्हणजे तिच्या वडिलांनी) एकच अट घातली होती.

"काय बी वाकडं कानावर आलं, की त्याच दिवशी सामान उचलायचं. राहुरीचं स्थळ अजून थांबलेलं हाय."

म्हणून मी रोज देवाला एवढंच सांगायचे, की तिचं चांगलं झालं नाही तरी चालेल, पण वाकडं काही ह्यांच्या कानावर घालू नको.

पंधरवडा झाला असेल नसेल, तोच बन्सीशेठ दुकान उघडं टाकून आमच्या ओट्यावर आले. आमच्या आळीचा फोन त्यांच्या दुकानात होता.

"वहिनी, नगरहून फोन हुता. मोठ्या बाईंचा. म्हनल्या, संगीताचं रॅगिंगचं प्रकरन हाय, पालकांनी उद्याच्या उद्या या."

"म्हणजे काय झालं?" मी विचारलं. (मी इतकं हळू बोलते की ऐकणाऱ्याला वाटतं मी जांभई दिली. बन्सीशेठना सवय होती.)

"ते सांगायच्या आत लाईन गेली."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत शेंगा फोडत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, पण नको ते नेमकं ऐकू येतं.

"काय म्हनला? रगडिंग? पोरीला रगडत्यात व्हय?"

"रॅगिंग, काकी."

"तेच ते. न्हानीत धरून रगडत असत्याल. पोरगी मळकट न्हाई गं आपली."

तेवढ्यात आप्पा आले. आप्पा माझे चुलत सासरे. बांधाच्या भांडणापायी त्यांनी निम्मं आयुष्य कोर्टात काढलं होतं. बांध गेला, पण येताना ते कायद्याची भाषा घेऊन आले. भावकीत कुणाच्या म्हशीनं कुणाचं कडवळ खाल्लं तरी ते कलम सांगत. नवा कायदा त्यांनी पेपरात वाचलेला होता आणि तो कुणावर तरी वापरायला ते टपलेलेच होते.

"जुन्या पोरी नव्या पोरींना छळत्यात," ते म्हणाले. "नाचायला लावायचं, गानी म्हनायला लावायची, चारचौघांत लाजवायचं. ह्याला म्हनत्यात रॅगिंग."

"मग नव्या सुनेला येगळं काय करत्यात?" आत्याबाईंनी विचारलं.

"वहिनी, सुनेला कायदा लागू न्हाई," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी हे शेतातून आले, सगळं ऐकलं आणि हातपाय न धुताच म्हणाले, "सकाळी सामान उचलू." पण आप्पा जेवायला थांबले होते.

"आपलं सामान काहून उचलायचं?" आप्पा म्हणाले. "कायदा आपल्या बाजूनं हाय. जिनं केलं तिचं सामान उचलायला लावू. मी येतो उद्या."

त्या दिवशी आप्पा मला देवासारखे दिसले. मी त्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जरा मोठा ठेवला.

सकाळी आप्पांच्या जीपमधून आम्ही नगरला निघालो. हे पुढे, मी मागे, आणि माझ्या शेजारी हातात काठी घेऊन आत्याबाई. ("कोन रगडतं तेच बघते.") वाटेत आप्पा जीप चालवता चालवता भाषणाची तयारी करत होते आणि मुद्दा रंगला की स्टिअरिंग सोडून हात वर करत होते.

मोठ्या बाई आमचीच वाट पाहत होत्या. शांत बाई, केस पिकलेले, चष्मा दोरीला बांधलेला. आम्ही टेकतो न टेकतो तोच आप्पा उभे राहिले.

"मी मुलीचा चुलत आजा. आधी माझं ऐकून घ्या."

"तुम्ही आलात हे बरं झालं," बाई म्हणाल्या. "तसं प्रकरण फार मोठं नाही. मुली लहान आहेत. समज देऊन..."

"समज?" आप्पा ह्यांच्याकडे वळले. "बघ, दाबायचं चाललंय." मग परत बाईंकडे. "समज चालायची न्हाई. तक्रार आली का न्हाई तुमच्याकडं?"

"आली."

"चौकशी केली?"

"केली. मुलीनं कबूलही केलंय. पण मला वाटतं, एवढ्यावरून..."

"तुमच्या वाटन्याला काय करता? मुख्य मानूस गप बसला तर त्यो बी गुन्ह्यात येतो. नव्या कायद्यात लिवलंय."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे मुलीला काढून टाकावं, असं तुमचं म्हणणं आहे?"

"काढून टाका. आन पाच वर्षं दुसरीकडं बी कुनी घ्यायचं न्हाई. ते बी लिवलंय."

"पोलिसात कळवावं?"

"कळवा."

"कळवाच," हेही म्हणाले.

"घरच्या सगळ्यांचं हेच मत आहे?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर तोंडाला लावून मान हलवली. ती मान 'हो' अशी हलली की 'नाही' अशी, हे मलाही सांगता येणार नाही. आत्याबाईंनी मात्र काठी फरशीवर आपटली.

"आन तिच्या आईबापाला बी बोलवा. कसलं वळन लावलंय पोरीला, बघू तरी."

"ते आलेत," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोरच बसलेत."

आत्याबाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं, आणखी कोण आलं ते बघायला.

तर भानगड झाली होती ती अशी. 'संगीताचं रॅगिंग' म्हणजे संगीतावर झालेलं, असं आम्ही धरून चाललो होतो. ते संगीतानं केलेलंही असू शकतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एका 'चं'पायी आम्ही सगळे जीपमध्ये बसून आपल्याच पोरीला पोलिसात द्या म्हणून सांगायला आलो होतो. (चौथीत व्याकरण असतं. ते शिकवलं त्या दिवशी मी गैरहजर असणार.)

"पन आमची तर नवी पोरगी हाय," ह्यांनी कसंबसं म्हटलं. "ती कशी करील?"

"कल्पना तिच्याहून नवी आहे. दुसऱ्या यादीत आली," बाई म्हणाल्या, आणि दोघींना बोलावणं गेलं.

संगीता आली ती आम्हाला बघून रडायच्या बेतात. तिच्यामागून कल्पना. घोडेगावची (बैलांचा बाजार भरतो ते), सडपातळ, मान खाली. थेट माझ्यासारखी.

"कल्पना, काय झालं ते यांना सांग."

"मी पहिल्या दिवशी आले तर ही खोलीच्या दारात आडवी उभी," कल्पना फरशीशी बोलावं तसं बोलली. "म्हनली, नाव घेतल्याशिवाय आत सोडनार न्हाई. मी म्हनलं, माझं लगीन झालेलं न्हाई, कोनाचं नाव घेऊ? तर म्हनली, तू घोडेगावची ना, मग बैलाचं घे."

आप्पांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात घातलं.

"डोक्यावर ट्रंक हुती. सगळ्या पोरी जमा झाल्या. मला काय सुचंना. तवापासून मी दिसले की हंबरत्यात. जेवताना सुद्धा."

आता कुणालाच हसू येईना.

"संगीता, हे कुठून शिकलीस?" बाईंनी विचारलं.

"आमच्या घरी अशीच पद्धत हाय, बाई," संगीता म्हणाली. "नवीन मानूस आलं की आजी नाव घेतल्याशिवाय आत सोडत न्हाई. हंबरायला मी न्हाई लावलं. ते बाकीच्यांनी सुरू केलं."

(पद्धतीचं खरं होतं. आत्याबाईंनी एकदा गाईला सुई मारायला आलेल्या डॉक्टरलासुद्धा उंबऱ्यावर अडवलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं बायकोचं नाव घेतलं, तोवर गाय व्यायली. आणि माझं लग्न झालं तेव्हा मीही त्याच उंबऱ्यावर उभी होते. नाव फुटेचना. दिवे लागल्यावर मला आत घेतलं, तेही दिव्यावर चिलटं यायला लागली म्हणून.)

"हान तिच्या एक," आत्याबाई ह्यांना म्हणाल्या.

"मारायचं नाही," बाई म्हणाल्या.

"मग ओनवी उभी करा अंगनात."

"आजी, तेही चालत नाही."

"उठाबशा?"

"चारचौघांत लाजवायचं नाही, हाच तर कायदा आहे."

"मग पोरगी सुधरायची कशी?" आत्याबाईंनी आप्पांना विचारलं. आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

बाईंनी चष्मा परत लावला. "माझ्या मनात होतं की सगळ्या मुलींसमोर हिनं कल्पनाची माफी मागावी, बाकीच्यांना मी ताकीद द्यावी, आणि प्रकरण मिटवावं. पण आता मुलीच्या आजोबांनीच मला कायदा सांगितलाय. उद्या तेच म्हणतील, दाबलं."

"कायद्याला पळवाट बी असतीया," आप्पा पुटपुटले.

"मघाशी तर नव्हती," बाई म्हणाल्या.

हे उठले. "राहू द्या, बाई. संगे, सामान उचल."

संगीतानं माझ्याकडे पाहिलं. राहुरीचं स्थळ मी बघितलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण त्याच्या आईनं पहिलाच प्रश्न विचारला होता, पोरीला किती माणसांच्या भाकरी थापता येतात.

आणि मग मी बोलले. लग्न झाल्यापासून परक्या माणसासमोर बोललेलं माझं पहिलं पूर्ण वाक्य. मलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं. मी आप्पांकडे हात केला.

"बाई, ह्यांचं काही मनावर घेऊ नका. ह्यांना आम्ही ओळखत नाही."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

"आजोबांना?"

"आजोबा नाहीत. जीपवाले आहेत."

आप्पांचं तोंड उघडंच राहिलं. "अगं सूनबाई, तुझ्या लग्नात आंतरपाट धरला हुता मी."

बोलायचा माझा साठा तेवढाच होता. तेव्हा आत्याबाई पुढे वाकल्या, डोळे बारीक केले आणि आप्पांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कोन हाय रं ह्यो?" त्यांनी आपल्या लेकाला विचारलं. "मघापासनं लई बोलतुया."

मी घरात आल्यापासून आत्याबाई माझ्या बाजूनं बोलल्या त्या एवढ्या एकदाच. हे परत खाली बसले. आप्पांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि बाहेर निघून गेले.

"मग त्यांचं म्हणणं धरायचं कारण नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी थोडा वेळ रुमाल तोंडाला लावला होता. मग कल्पनाकडे वळल्या. "पण तुझं म्हणणं धरायचं. तुला काय वाटतं? तू म्हणशील तसं."

संगीता रडत होती. मला दोघींकडेही बघवेना.

"तिला काढू नका," कल्पना म्हणाली. "हंबरायचं तेवढं बंद करा. मला फकस्त आत जायचं हुतं."

दुपारी जेवणाच्या खोलीत सगळ्या मुलींसमोर संगीतानं माफी मागितली. धडपणे, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आणि ज्या ज्या हंबरल्या होत्या त्यांनाही बाईंनी एकेक करून माफीला उभं केलं. ती रांग बरीच लांब झाली. आत्याबाईंना राहवलं नाही. त्या कल्पनाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "म्या शिकिवलं गं तिला ते. पर ते हसायसाठी असतं, रडवायसाठी न्हाई. आता मन मोकळं झालं ना? मग घे बरं एखांदं नाव."

"आजी," बाई म्हणाल्या.

"बरं, ऱ्हायलं."

बाहेर येऊन पाहिलं तर जीप नव्हती. मीच त्यांना जीपवाले केलं होतं, आणि भाडं न ठरवलेला जीपवाला थांबतो कशाला? आम्ही एस.टी.नं आलो. घोडेगाव मागे पडलं. मग हे म्हणाले, "राहुरीला न्हाई म्हनून सांगावं म्हनतो." मी खिडकीकडे तोंड केलं, वारा लागतोय असं दाखवायला.

आप्पांनी दिवाळीपर्यंत आमच्याशी अबोला धरला आणि गावभर सांगत सुटले, की ही गरीब दिसते ती बाई सख्ख्या माणसाला तोंडावर ओळख नाकारते. मला वाटलं, आता बाहेर पडायची सोय नाही. झालं उलटंच. एक दिवस बन्सीशेठच्या बायकोनं मला मागच्या दारानं गाठलं.

"वहिनी, आमच्या घरी ह्यांच्या मावसभावाचा मेव्हना येऊन बसलाय. जायचं नाव काढत न्हाई. तुमी जरा येऊन त्याच्या तोंडावर म्हनाल का, ह्याला इथं कुनी ओळखत न्हाई?"

मला नाही म्हणता येत नाही. (नाही म्हणायला बोलावं लागतं.) मी गेले. पाहुणा ओट्यावर पाय पसरून सुपारी कातरत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, पदर सावरला, वाक्य मनात दोनदा म्हणून घेतलं, आणि तोंड उघडलं तर आवाजच येईना.

पाहुण्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग आत वळून हाक मारली, "वहिनी, दारात एक बाई आलीया. काय बोलंना. वळखीची हाय का तुमच्या?"

बन्सीशेठच्या बायकोनं दारातून डोकावून मला पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "न्हाई बा."